वन टाकू का दीड?

"काका, लाईटला वन टाकू का दीड?"

शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून वायरमनने हा प्रश्न टाकला तेव्हा माझ्या हातात चहा होता आणि चहावर फोडलेल्या भिंतीची साय धरत होती. आमची इमारत १९८४ सालची. तेव्हापासून भिंतीत गाडलेल्या वायरी यंदा बदलायच्या, असं घरात ठरलं होतं. म्हणजे हिने ठरवलं होतं आणि मला कळवलं होतं. बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला दीड म्हटलं की टक्के आठवतात. एकापेक्षा दीड केव्हाही बरा, एवढा हिशेब करून मी म्हणालो, "दीड."

"प्लगला अडीच?"

"अडीच."

"गिझर-एसीला चार. मेनला सहा."

मी नुसती मान हलवत होतो. तेवढ्यात आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "अरे, औटकी कुठे गेली मधली?" आई सत्त्याऐंशीची आहे. तिच्या शाळेत पावकी-निमकीपासून औटकीपर्यंत सगळं छडी दाखवून पाठ करून घेत. भिंत फोडायला आलेला मुलगा दिडकी-अडीचकी म्हणतोय हे ऐकून तिला त्याच्याबद्दल एकदम आदर वाटायला लागला. तिने त्याला रव्याचा लाडू पाठवला. मला पाठवला नाही. मला औटकी येत नाही, हे तिला पन्नास वर्षांपासून माहीत आहे.

लाडू संपवून वायरमन म्हणाला, "मग दीड नक्की ना, काका? वनमध्येपण होऊन जातं तसं. मागनं म्हणू नका."

'मागनं म्हणू नका' हे आपल्याकडच्या सगळ्या कारागिरांचं हमीपत्र आहे. गवंडी म्हणतो, सुतार म्हणतो, प्लंबर तर नळ उघडण्याआधीच म्हणतो. एकदा ते कानावर पडलं की पुढे जे काही होईल त्याचे मालक तुम्ही. मी म्हणालो, "उद्या सांगतो."

वास्तविक त्याच वेळी दीडवर ठाम राहिलो असतो तर हा लेख झाला नसता आणि काम दोन दिवस आधी संपलं असतं.

घरच्यांचं मत घ्यावं म्हणून मी नातेवाइकांच्या ग्रुपवर विचारलं, 'घरातल्या दिव्यांसाठी केबल किती जाडीची घ्यावी?' पहिलं उत्तर भाच्याचं आलं, 'मामा, केबल कोण बघतं आता?' दुसरं वहिनींचं, 'आम्ही तर डिश काढून टाकली.' चूक माझीच होती. मराठीत तार म्हणजे वाईट बातमी, दोरी म्हणजे वाळत घातलेले कपडे, केबल म्हणजे मालिका आणि वायर म्हणजे करंट. दुकानदाराच्या पाटीवर 'वायर अँड केबल' असं लिहिलेलं असतं खरं, पण त्या पाटीखाली उभं राहून कुणी 'दिव्याची केबल द्या' म्हणालं, तर माणूस पेठेतला नाही हे लगेच कळतं.

दुसरा घोळ 'लाईट' या शब्दाचा. आपल्याकडे वीज म्हटली की ती ढगातली. घरात असते ती लाईट. लाईट जाते, लाईट येते, लाईटबिल येतं. फ्रीज, गिझर, एसी, मिक्सर, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटार या सगळ्यांनी मिळून केलेलं बिल आपण बिचाऱ्या दिव्याच्या नावावर फाडतो. आणि मुलं खोलीतून बाहेर पडली की ओरडतो, "लाईट बंद कर, बिल किती येतंय बघ!" ज्या घरात एसी रात्रभर चालू असतो, त्या घरात नऊ वॉटच्या बल्बवर असा राग काढला जातो.

संध्याकाळी मी वरच्या मजल्यावरच्या साहेबांकडे गेलो. साहेब वीजखात्यातून निवृत्त झालेले. बाकीची सोसायटी त्यांना लिफ्ट बंद पडली की विचारते आणि लिफ्ट चालू असताना टाळते. त्यांनी माझा प्रश्न ऐकला, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "आमच्या वेळी तीन बावीस असायची."

मला वाटलं लोकलची वेळ सांगताहेत.

"तीन बावीस, तीन वीस, सात वीस," ते डोळे मिटून म्हणाले. माहीत नसलेल्या माणसाला हे कुठल्यातरी पोथीचे अध्याय आणि ओव्या वाटतील. अर्थ सोपा आहे. पहिला आकडा वायरीत तारा किती ते सांगतो आणि दुसरा प्रत्येक तारेचा गेज नंबर. म्हणजे तीन बावीस म्हणजे बावीस गेजच्या तीन तारा पिळून केलेली. यातली गंमत अशी की नंबर जितका मोठा तितकी तार बारीक. वीस नंबरची तार जाड, बावीसची तिच्याहून सडपातळ. हे इंग्रजांचं गेज. तार साच्याच्या भोकातून ओढून बारीक करतात. जितक्या जास्त वेळा ओढली तितका नंबर वर. वर्गातल्या नंबरासारखंच म्हणायचं: बेचाळिसावा आलेला विद्यार्थी पहिल्यापेक्षा जास्त ओढून काढलेला असतो.

"तीन बावीस म्हणजे आत्ताची किती?" मी विचारलं.

"सव्वा म्हण. एक पॉइंट एकोणीस." साहेबांना दशांशाशिवाय बोलता येत नाही.

"आणि ही दीड म्हणजे दीड मिलिमीटर ना?"

साहेबांचा चेहरा एखाद्या गवयासमोर कुणी चुकीचा राग सांगावा तसा झाला. हा दीड मिलिमीटर नव्हे. हा दीड चौरस मिलिमीटर. वायरमन म्हणतो 'दीड एमएम', दुकानदार म्हणतो 'दीड एमएम', चौरस हा शब्द कुणी उच्चारत नाही, पण तोच खरा. वायर आडवी कापली तर तांब्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ तेवढं भरतं. दीडच्या वायरीतल्या तांब्याची जाडी साधारण एक पॉइंट चार मिलिमीटर, वन म्हणतात तिची एक पॉइंट एक. चारची वायर वनच्या चौपट वाटते, पण तिची तार जाडीला फक्त दुप्पट. बटाटेवडा दुप्पट रुंद केला तर आतलं सारण दुपटीने वाढत नाही, हे ज्यांनी गाडी चालवली आहे (म्हणजे वड्याची) त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

हे ज्ञान मला एक दिवस आधी मिळायला हवं होतं. कारण त्याच दुपारी मी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जाऊन आलो होतो. पुण्यात विजेचं काहीही लागलं तरी माणूस शेवटी तपकीर गल्लीत पोचतो. गल्लीत आता तपकीर मिळत नाही, पण दुपारी बारा वाजता तिथून दुचाकी काढून दाखवा, शिंक आपोआप येते. एका दुकानात मी दीडची वायर मागितली आणि खिशातून शाळेची सहा इंची पट्टी काढून ती मोजली. तीन मिलिमीटर भरली.

"अहो, दीड म्हणालात आणि ही तीन आहे," मी म्हणालो. ग्राहकाला दुप्पट माल मिळाल्याबद्दल तक्रार करणारा मी त्या गल्लीतला पहिलाच असावा. दुकानदाराने पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पोऱ्याला म्हणाला, "साहेबांना पाणी दे."

असो. साहेबांकडे परत येतो. त्यांनी जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर हिशेब मांडला. आमच्या घरात दिवे बावीस, प्रत्येकी नऊ वॉटचे: १९८. पंखे पाच, जुन्या पद्धतीचे, पंचाहत्तर वॉटचे: ३७५. एकूण ५७३ वॉट. भागिले २३० व्होल्ट. उत्तर अडीच अँपियर. घरातले सगळे दिवे आणि सगळे पंखे, दिवाळी असल्यासारखे, एकाच वेळी लावले तरी अडीच अँपियर.

"आणि वनची वायर पाईपातून नेली तरी अकरा-बारा अँपियर सहज सोसते," साहेब म्हणाले. "शिवाय सगळं घर एका वायरीवर थोडंच असतं? आपल्या राष्ट्रीय विद्युत संहितेत लाईटच्या एका सर्किटवर दहा पॉईंट आणि ८०० वॉट ही मर्यादा घातली आहे. ८०० म्हणजे साडेतीन अँपियर. अरे, दिवा आता खातो काय? पूर्वीचा साठचा बल्ब एकटा खायचा त्यात आज सहा बल्ब जेवतात. तुझ्या देवघरात तो झिरोचा लाल बल्ब आहे ना, तो झिरो म्हणतो आणि पंधरा वॉट खातो. हॉलच्या बल्बपेक्षा जास्त!"

हे मात्र मनाला लागलं. तीस वर्षं तो लाल बल्ब आम्ही फुकट म्हणून जाळत होतो. बँकेत झिरो बॅलन्स खात्याचंही असंच असतं.

"म्हणजे वन पुरे?"

"दिव्याला तर अर्धीसुद्धा पुरे," साहेब म्हणाले. "वीस मीटरवरच्या दिव्यापर्यंत जाताना अर्धा व्होल्टही पडत नाही. दीड टाकणं म्हणजे पैसे भिंतीत पुरणं."

मी समाधानाने खाली आलो. लग्नपत्रिका हिच्यासमोर ठेवली. मी भागाकार समजावून सांगितला. ५७३, २३०, अडीच. ही भेंडी चिरत होती. तिने आकडेमोड ऐकून घेतली आणि विचारलं, "यात इस्त्री कुठे धरलीय?"

"इस्त्रीचा काय संबंध? हे लाईटचं सर्किट आहे."

"हॉलच्या बोर्डावर बटणांच्या शेजारी प्लग आहे ना? त्यात आई इस्त्री लावतात."

मी पत्रिकेत इस्त्री शोधली. नव्हती. पत्रिकेत मिक्सरही नव्हता. स्वयंपाकघरात फ्रीज मिक्सरचा प्लग अडवून बसला आहे, म्हणून दर रविवारी इडलीचं पीठ जेवणाच्या टेबलावर, दिव्याच्या बोर्डावरून वाटलं जातं. मुलाचा लॅपटॉप आणि तिघांचे चार्जर बेडरूमच्या त्याच प्रकारच्या प्लगवर, एका पांढऱ्या पट्टीला लटकलेले. पाहुणे आले की बाथरूममधला गिझर कमी पडतो, मग बादलीत रॉड. तो दीड हजार वॉटचा रॉड पॅसेजमधल्या प्लगवर लागतो, कारण बादली तिथे मावते. साहेबांच्या अडीच अँपियरच्या घरात एकटा तो रॉड साडेसहा अँपियर पितो.

"आणि गणपती?" भेंडीचं शेवटचं टोक उडवत ही म्हणाली.

गणपती हा विजेच्या दृष्टीने वेगळाच ऋतू. मूर्ती येते त्या दिवशी घरातला प्रत्येक पुरुष इलेक्ट्रिकल इंजिनिअर होतो. माळा, तोरणं, फिरतं चक्र, मखरामागचे फोकस. हल्ली सगळं एलईडी झालं म्हणून ठीक. आमच्याकडे पाचशे-पाचशे वॉटचे दोन हॅलोजन होते, ज्यांच्या उजेडात बाप्पा आणि उष्णतेत मोदक, दोघेही घाम गाळत. हे सगळं एका प्लगवर, त्यात दुसरी पट्टी, तिच्यात तिसरी.

दुसऱ्या दिवशी ही वायरमनला घेऊन घरभर फिरली. मी मागे. अँपियर, वॉट, व्होल्ट यांतला एकही शब्द तिने उच्चारला नाही. "आई इथे बसून इस्त्री करतात, त्यांना गुडघ्यामुळे वाकता येत नाही, म्हणून प्लग इतक्या उंचीवर. मिक्सर इथे राहणार. हा लॅपटॉप घेऊन कॉटवर पडतो, म्हणून इथे. पाहुण्यांची बादली इथे." वायरमन पेन्सिलीने भिंतीवर खुणा करत होता आणि मान डोलवत होता. शेवटी मला म्हणाला, "काका, काकूंना सगळा लोड माहीत आहे." चौतीस वर्षं कर्जाच्या अर्जांवर 'परतफेडीची क्षमता' तपासणाऱ्या माणसाला, आपल्याच घरात कोण किती ओढतं हे माहीत नव्हतं.

इथे मला आमच्या वाड्यातला फ्यूज आठवला. तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा असेन. भिंतीवर सागवानी पट्टी, पट्टीवर पत्र्याच्या क्लिपा, क्लिपांखाली वायर आणि दारामागे लाकडी फळ्यावर चिनीमातीचे दोन फ्यूज. आरतीच्या वेळी हमखास अंधार व्हायचा. मग काका स्टुलावर चढून, फ्यूज ओढून, जळलेली बारीक तार काढून नवी लावत. दोन दिवसांत चारदा हे झाल्यावर काकांनी एक शोध लावला. फ्यूजच्या तारेऐवजी त्यांनी जुन्या वायरीतली तांब्याची तार दुपदरी पिळून बसवली. त्या वर्षी फ्यूज उडाला नाही. पुढच्या वर्षीही नाही. काकांचं वाड्यात कौतुक झालं.

तिसऱ्या वर्षी, गणपतीच्या पाचव्या दिवशी, भिंतीवरच्या दिनदर्शिकेमागून वास यायला लागला. आधी सगळ्यांना वाटलं धूप. मग वाटलं दुधाचं पातेलं लागलं. आजीने दिनदर्शिका उचलली तर पट्टीवरची वायर मऊ पडलेली, रबराचा काळा पापड झालेला आणि पट्टीवर हातभर लांब करपट डाग. फ्यूज ही मुद्दाम ठेवलेली सगळ्यात कच्ची कडी असते, भिंतीतलं काही जळण्याआधी तिने जळायचं असतं. काकांनी तीच कडी पक्की केली, तेव्हा कच्ची कडी भिंतीत सरकली. करंट दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते, हे मी पुढे शाळेत शिकलो. परीक्षेत लिहिलं आणि विसरलो. दिनदर्शिकेमागचा तो वास मात्र अजून नाकात आहे.

ही गोष्ट सांगितल्यावर मी स्वतःच एवढा घाबरलो की वायरमनला म्हणालो, "दीड-बीड काही नको. लाईटलाही चारच टाक. एकदाच काय ते मजबूत होऊ दे."

मध्यमवर्गीय माणसाची सुरक्षिततेची कल्पना नेहमी जाडीशी निगडित असते. जाड कुलूप, जाड गादी, जाड साय.

वायरमनने वाद घातला नाही. चारच्या वायरीचा एक तुकडा घेतला, पकडीने टोक सोललं, एक नवीन बटण उलटं केलं आणि दोन्ही माझ्या हातात दिलं. "घाला, काका." बटणाच्या मागे पितळी भोक, त्यावर बारीक स्क्रू. मी तार पिळली, थुंकी लावली (सुईत दोरा ओवायचा अनुभव तेवढाच), एका बाजूने तीन केसर आत गेले, दोन बाहेर फुलले. "तुम्ही एक कशीबशी घालाल. त्या भोकातून दुसरी पुढच्या बटणाला लूप न्यायची असते. आणि पाईप पाऊण इंची. त्यात अशा सात-आठ वायरी कोंबल्या तर मधल्या वळणात अडकतात, आणि ओढून नेल्या तरी एकमेकींना चिकटून तापतात. लग्नाच्या हॉलमध्ये पंगत वाढली म्हणजे सगळे जेवतात असं नाही."

हे वाक्य त्याने कुठून आणलं देव जाणे. पण तो आता रंगात आला होता. मग त्याने मला एमसीबी समजावला, आणि त्या दोन दिवसांत मला जे काही खरोखर कळलं ते तेवढंच.

वायर दिव्याकडे बघून ठरत नाही, असं त्याचं म्हणणं. वायर आधी एमसीबीकडे बघते. लाईटच्या सर्किटवर सहाचा एमसीबी. पण सहा म्हणजे सहावर एक झाला की लगेच खटका पडेल, असं नाही. सात अँपियरला तो पडायचा नाहीच, पडला तर उपकार. दीडपटीच्या आसपास, म्हणजे सहाचं पावणेनऊ झालं, तरी तो तासभर विचार करू शकतो. शॉर्ट झाला तर मात्र डोळ्याची पापणी लवायच्या आत पडतो. थोडा थोडा अतिरेक तो खपवून घेतो. आपल्या घरातली वडीलधारी माणसं असतात तसा. आता हा जेवढा वेळ विचार करतो तेवढा वेळ ते सगळं भिंतीतल्या वायरीने सोसायचं असतं. सहाच्या मागे वनसुद्धा ते सोसते.

"मग वनच टाकायची ना?" मी ओरडलो. मी आता चेंडूसारखा झालो होतो.

"तुम्ही सहाचा सहाच ठेवणार का पण?" वायरमन म्हणाला. "मी अर्ध्या पुण्यात फिरतो, काका. मिक्सर आणि इस्त्री एकदम लावली की खटका पडतो. दोनदा पडला की फोन येतो, एमसीबी खराब आहे, बदला. मी नाही म्हटलं तर कोपऱ्यावरचा येऊन सोळाचा बसवून जातो. मग तो कधीच पडत नाही. लोक खूश."

सोळाचा एमसीबी तासभर विचार करायला बसला तर तेवीस अँपियर वाहू देऊ शकतो. आणि भिंतीत वन, जिची झेप अकरा-बाराची. काकांची दुपदरी तार आणि हा सोळाचा एमसीबी यांत मला काही फरक दिसेना. फक्त स्टुलावर चढावं लागत नाही एवढंच.

"वन दिव्याला पुरते," तो म्हणाला, "दीड माणसांना लागते."

दीड ठरली. अट अशी की लाईटच्या डब्यावर सहाचाच एमसीबी राहील आणि तो बदलायचा असेल तर काकूंची परवानगी घ्यावी लागेल. इस्त्री, मिक्सर आणि पाहुण्यांची बादली यांच्यासाठी अडीचची वेगळी लाईन आणि पंधराचे प्लग. (आता त्यांना सोळाचे म्हणतात, पण आपल्याकडे पाचचा आणि पंधराचा हेच चालतं, जसं मीटरच्या जमान्यात कापड अजून वार म्हणून सांगतात.) लाल वायर फेजला, काळी न्यूट्रलला, हिरवी अर्थिंगला. जुन्या वायरिंगमध्ये हिरवी कुठेच नव्हती. आमच्या फ्रीजला हात लावल्यावर अधूनमधून जी झिणझिणी यायची, तिला आम्ही इतकी वर्षं 'फ्रीज जुना झाला' म्हणत होतो.

वायर आली. नव्वद मीटरची बंडलं, प्रत्येकावर आयएसआयचा शिक्का आणि आयएस ६९४ हा नंबर. साहेब खाली उतरले. वन टाकली नाही याचा राग होताच. निदान दीड तरी खरी दीड आहे का, हे बघण्यासाठी त्यांनी हिचा केक मोजायचा वजनकाटा मागितला. एक मीटर वायर मोजून कापली. मग खुर्चीत बसून, ब्लेडने, वांग्याचं भरीत करताना साल काढतात तशी एकेका इंचाने पीव्हीसीची साल उतरवली. आतून तांबं निघालं. नव्या तांब्याचा तो रंग आता घरात दुसरीकडे कुठे दिसत नाही. पितळेची भांडी गेली, तांब्याचा बंब गेला. सगळं तांबं भिंतीत जाऊन बसलं आहे.

"एक चौरस मिलिमीटर जाड आणि एक मीटर लांब तांबं म्हणजे बरोबर एक घन सेंटीमीटर," साहेब सोलता सोलता म्हणाले. "वजन नऊ ग्रॅम. दीडचं साडेतेरा भरलं पाहिजे." त्यांनी सोललेली तार गुंडाळून काट्यावर ठेवली. सगळं घर, वायरमन, आई आणि दुधवाला असे आम्ही काट्याभोवती जमलो. आकडा बारावर आला, तेरावर आला आणि थांबला. साहेबांनी मान हलवली. पास.

"म्हणजे एका बंडलात सव्वा किलो तांबं," मी बँकेतल्या वेगाने गुणाकार केला.

"आपला बंब नऊ किलोचा होता," आई म्हणाली. "भंगारवाल्याला दिलास तू. सात बंडलं आली असती."

तो बंब मी २००३ साली विकला. हा विषय आमच्या घरात तांब्याशी संबंध असो वा नसो, वर्षातून दोनदा निघतो.

पुढचं काम भराभर झालं. जुन्या वायरी पाईपातून ओढून काढताना त्यांची साल हाताला लागली की चुरा होत होती; चाळीस वर्षं इस्त्री, रॉड आणि हॅलोजन सोसलेल्या त्या वायरींकडे बघून मला थोडं वाईट वाटलं. वायरमनला वाटलं नाही. त्याने त्या गोणीत भरल्या. गोणी मात्र मी घेतली, कारण आई दारात उभी होती.

आता सगळं नवं आहे. आईच्या खुर्चीशेजारी, गुडघा न वाकवता हात पोचेल अशा उंचीवर, अडीचची वायर आणि पंधराचा प्लग आहे. आई इस्त्री बेडरूममध्ये करते. तिथे पंखा डोक्यावर येतो. प्लग अर्थातच दिव्याच्या बोर्डावरचा.

सहाचा एमसीबी अजून सहाच आहे. दीडचे सात मीटर उरले ते बाल्कनीत कपडे वाळत घालायला बांधले आहेत. ओली सोलापुरी चादर टाकली की वायर मधोमध चांगलीच झोल खाते. अडीचची असती तर एवढी खाल्ली नसती, असं वरच्या साहेबांचं मत आहे.